नावाने हाक

इंग्लंडमधल्या स्टोकच्या बसथांब्यावर रांग इतकी दाटीची होती, की पुढच्या दोघींचं बोलणं एनिडला ऐकावंच लागलं.

“सकाळी सिरिलने मला नावाने हाक मारली.”

“मग त्यात काय, मेव्हिस?”

“अगं, लग्नाची एकेचाळीस वर्षं तो मला ‘डक’ म्हणतोय!”

“इथे पाववालासुद्धा गिऱ्हाइकाला लाडाने ‘डक’, म्हणजे बदकच म्हणतो.”

“म्हणू दे. हा भांडतानाही डक म्हणायचा. आई गेली ते सांगतानाही. आज म्हणाला, ‘मेव्हिस, जरा बस.’”

“अगं बाई! काल तो हॉस्पिटलात स्वतःचा रिपोर्ट आणायला गेला होता ना?”

“हो.”

“मग काय म्हणाला?”

“ऐकायला थांबलेच नाही. कोट उचलला आणि निघाले.”

“आणि आता कुठे चाललीस?”

“बस नेईल तिकडे.”