अडीच बादल्या

बसा ताई, रडू नका — रडत नाही आहात? बरं, तरी बसा. शिक्षा नाही ही. तुमच्या लेकीचं नाव मदरशाच्या पटावरून काढतोय, एवढंच. हुशार आहे हो पोरगी, जरा जास्तच! मी काय शिकवलं? पृथ्वी म्हणजे अल्लाहची अमानत, आपण नुसते राखणदार. नमाजाआधी वजूला, म्हणजे हात-तोंड-पाय धुवायला, एक तांब्या पाणी पुरे, नदीकाठी बसलात तरी उधळायचं नाही. फळ्यावर लिहिलं, हिरव्या खडूनं — पाहुणे आले होते ना, पर्यावरणवाले! टाळ्या पडल्या. आणि ही बया उठून म्हणते काय, "उस्ताद, पण तुम्हाला तर तीन बादल्या लागतात." आठवडाभर माझ्या नळाच्या मोरीशी बादली लावून मोजत होती! पाहुणे पोट धरधरून हसले. साफ खोटं, ताई. तीन नाही, अडीच — म्हणजे, नंतर मी मोजल्या, दार लावून.

का लागतात, असंच विचारणार ना तुम्ही? नाही? मग अशा बघताय का? अहो, कोपर भिजलेलं दिसतं, पण पटत नाही. पुन्हा धुवायचं. मग पायाची बोटं, मग परत कोपराची शंका — सात वेळा, कधी अकरा. वीस वर्षं झाली. बायको होती तोवर तीच येऊन नळ बंद करायची — पुरे, अल्लाहला दिसतंय, म्हणायची. आता कोण बंद करणार? आणि वर्गात सांगू काय, पोरांनो, उस्तादांना स्वतःचं कोपर ओलं झाल्याचीही खात्री नाही?

बादलीत धरलेलं ते पाणी ओतून दिलं नाही तुमच्या लेकीनं, ठाऊक आहे? मागच्या अंगणातली रोपं जगवली त्यावर. पाहुण्यांनी फोटो काढला तो त्याच रोपांपाशी, मला मधे उभं करून! "उस्तादांची मेहनत" म्हणाले. मीही मान डोलावली. लाज वाटते हो... कसली लाज? मला कसली लाज? उद्धट कार्टी आहे तुमची, दुसरं काही नाही. पटावरून नाव काढलं म्हणजे काढलं.

अजान झाली, ऐकलंत? निघा आता. निघा म्हणतोय ना, ताई — तुम्ही इथे उभ्या असेपर्यंत मी नळाला हात लावणार नाही.