अण्णांची गूळतुला

मंडळी, ऐका! एकच प्रश्न विचारतो. काटा हलका झाला म्हणून माणूस बरा झाला का? — अहो मामा, पोट आत ओढू नका, मी कुणाचं नाव घेत नाही!

एका गावात बळवंतअण्णा खराडे म्हणून गृहस्थ. देवीच्या जत्रेत दरवर्षी त्यांची गूळतुला व्हायची. एका पारड्यात अण्णा, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा — आणि पोट पारड्याबाहेर! सगळे हसायचे. त्यांची बायको इंदूवहिनी हसायची नाही. मधुमेहानं तिचा बाप गेला होता. नवरा त्याच वाटेला लागलेला तिला दिसत होता. रोज पहाटे ती त्यांना ओढून तळ्याभोवती फिरवायची, तळहातावर गोळी ठेवायची.

एक दिवस अण्णा शहरात गेले आणि पोटात नळी घालून चरबी उपसून आले! डॉक्टरांनी वहिनींसमोर बजावलं, "आकार बदललाय, साखर नाही. ही कातडीखालची चरबी होती. चालणं सोडलंत, तर नवी चरबी आत, आतड्यांभोवती साठेल. ती दिसत नाही, आणि घात तीच करते."

अण्णांनी काय ऐकलं? 'आकार बदललाय.' बस्स!

त्या जत्रेत एक ढेप कमी लागली. काय टाळ्या पडल्या! अण्णांनी तिथंच मूठभर गूळ तोंडात टाकला.

"अवं, साखर हाय तुमाला!"

"पोटासंगं गेली ती! बघ की, दिसतीय का कुठं?"

"आन् चालायचं?"

"जाड्या माणसानं चालायचं असतंय. तू जा!"

गेली बिचारी एकटी. गोळ्याही सुटल्या. मंडळी, ओसरीवरचा पाहुणा हाकलला, आणि चोर माजघरात शिरला!

दिवाळीच्या सुमारास वहिनी तळ्यावरून परतल्या. बघतात तर फरशीवर रक्ताची पावलं! दारापासून थेट — आरशापर्यंत! अण्णा आरशासमोर उभे, पोटावरून हात फिरवतायत.

"अवं, पायात खिळा घुसलाय!"

अण्णांनी खाली पाहिलं. म्हणाले, "कुठल्या पायात?"

हसू नका, मंडळी. साखरेनं पाय बधिर झाला होता; ज्याचा पाय, तोच विचारत होता.

जखम काळी पडली. गुडघ्याखाली पाय कापला. वहिनी देवीला नवस बोलल्या — "एवढा माणूस राहू दे, मी त्यांची गूळतुला करीन." माणूस राहिला. जत्रा आली. चौघांनी उचलून अण्णांना पारड्यात बसवलं. वहिनी स्वतः ढेपा ठेवत होत्या. काटा जुळला, आणि शेवटची ढेप त्यांच्या हातातच राहिली.

गेल्या साली जेवढ्या लागल्या, तेवढ्याच! पोट परत आलं होतं, पाय गेला होता. काट्याला काय कळतंय?

यंदा टाळी वाजली नाही.

"इंदे," अण्णा हळूच म्हणाले, "उद्या पहाटे मला तळ्यावर ने."

वहिनींनी ढेप खाली ठेवली.

मंडळी, मघाशी देवळाबाहेर पाहिलं. पलीकडच्या गल्लीतले लोकसुद्धा गाडीवरून आलेत! प्रसादाला गूळ आहे. साखर असेल त्यानं कपाळाला लावावा, पोटात नको. आणि उद्या पहाटे घरातलं कुणी "चला" म्हणालं, तर कुरकुरू नका, उठा. पाय आहेत तोवर उठा!