शुभाताईच्या सीडीचं लॉक

आमच्या शुभाताईचं डोकं कसं चालते, ऐकायचंय? तिचा शिवणक्लास आहे. तिनं ब्लाउज शिवणं शिकवणारी सीडी काढली, शेवटी क्लासचा पत्ता टाकून. कोणी कॉपी करू नये म्हणून मी त्यात मोठ्या हौसेनं लॉक टाकलं. झालं काय, विकत घेणाऱ्या बायकांच्या प्लेयरवर सीडी चालेचना, अन् बड्या फुहाऱ्याच्या बाजारातला एक दुकानदार बिनलॉकची नक्कल खुशाल विकून राहिला होता. तावातावानं ताईला तिथं नेलं, तर ती त्यालाच म्हणते, "भैया, कॉपी करो, पर आख़िर में मेरा पता काहे काट दिया? वो तो डालो!"

"ताई, असं काहून?"

"अरे, बाही बसवणं नुसतं पाहून येते का? फसल्या की माझ्याकडेच येतीन."

आता क्लासात बसायला जागा नसते. प्रत्येकीच्या पिशवीत तीच नकली सीडी, अन् बाही उलटी लागलेलं ब्लाउज.