साठीच्या आतल्या बाया

— न्हाई, आलात तर बसा मॅडम, पण त्या चौकशीच्या कागदावरून भीमसिंगाचं नाव आधी खोडा. बकऱ्या त्याच्या, व्हय, रोपवाटिका त्याच्याच बकऱ्यांनी खाल्ली — लिंब, करंज, सीताफळ, पार बुडख्यापस्तोर — पण बकरीला काय समजतं, हिरवं दिसलं की तोंड घालती. अन् त्या बिचाऱ्याला सारी वस्ती शिव्या देऊन राहिली, म्हणं वस्तीतून काढा त्याला. काहून? बकऱ्या पाळल्या म्हणून?

तुमाला काय ठाव इथं आधी काय व्हतं? गावाचा सारा कचरा या नाल्याकाठी — मेलेली कुत्री, काचा, सुया. पहिली टोपली म्या उचलली. एकटीनं. बाया दारात उभ्या राहून हसत व्हत्या, ‘नीलाबाईला याड लागलं.’ आठव्या दिवशी करुणा आली, पदर खोचून. मंग बाकीच्या. दोन साल उपसलं, माती पसरली, पिशव्या भरल्या, रोपं लावली — अन् चौदा बायांना घरापाशी काम लागलं, ऊसतोडीला जायचं सुटलं. तवा कुठं व्हतं तुमचं हापिस? पाटी लावायला आलं. पाटी मात्र मोठी लावली, बराबर!

अन् पाटीच्या मागोमाग कागद आला — साठीच्या आतल्याच बाया ठेवा. करुणाला आता तुमी परमुख केलेलं, तिनंच वाचून दाखवला. म्हणली, ‘मावशी, वरून आलंय, मी काय करू?’ म्या म्हणलं, बरं, जाते. राग? मला काहून राग येईल? डबा उचलला अन् निघाले. बाया शेडमधी जेवायला बसल्या व्हत्या, एकीनंबी मान वर केली न्हाई. मी फाटकापाशी आले, त्याला बांधलेल्या तारेचे तीन येढे सोडले —

परत घालायचे राहिले. राहिले म्हणते की! गुडघे दुखत व्हते.

असं काय बघता? ... बरं. न्हाई राहिले. समोरून बकऱ्या येऊन राहिल्या व्हत्या, मला दिसत व्हत्या. म्या फाटक सताड उघडं टाकलं — वाटलं, बघू तर माझ्याबिगर कसं चालतं. मंग बाया वरडल्या, करुणा पळता पळता पडली, अन् मी आपली घराच्या दारातून बघत उभी. बकऱ्या हाकलल्यावर तिनं काय केलं ठाव हाय का? एकेक रोप उचलून परत मातीत खोसलं. नुसते देठ उरले व्हते मॅडम, तरी खोसत व्हती.

म्हणून सांगते, त्याचं नाव खोडा. माझं लिवा. वय तुमाला ठावच हाय.

न्हाई, पाणी-बिणी नको मला. अन् समजूत तर अजाबात घालू नका, मी काय लेकरू न्हाई. ती बघा, करुणा येऊन राहिली तिकडून. तिला मीच सांगते, तुमच्या तोंडून नको. उठा. उठा म्हणलं ना — जा.