हळदीचं जातं

निजामाच्या अमलात जालन्याच्या एका हाडवैद्याच्या ओट्यावर दुर्गाबाई आत बोलावण्याची वाट पाहत होत्या. शेजारी गोजरबाई नि मैमूना बसल्या होत्या. दोघींचेही गुडघे आखडलेले.

“चटईवर निजून दोरीनं पाय वढायचा म्हंजे जीव जातो, मैमूनाबी,” गोजरबाई म्हणाली.

“मला तर दोरीला वीट बांधतेत. तुला अर्धीच हाय.”

“मंग येतीस कशाला?”

“नमाजाला खाली बसायचंय. तुला काय जल्दी?”

“पोरीचं लगीन हाय. तिची हळद दळायची.”

“दळायला बाया हायेत की. तू बाजंवर बस आरामात.”

“पावसाळाभर बाजंवरच बसून राह्यले. पोरीची माय जात्यापाशी खालीच बसती.”

आतून वैद्यांनी हाक मारली. “गोजरबाई, आज खाली बसून बघा. उशी देऊ का?”

“नको. जात्यापाशी कोन उशी देतंय?”