गारहाकणी

तोफ नाही हो साहेब, तोफ कशाला म्हणता – तोफ माणसं मारायची. ही गारहाकणी. गारा हाकणारी. तुमच्या तक्रारीच्या कागदावर खोडा ते आधी. बसा ना, पुसलीय खुर्ची. साखर कमी टाकलीय, माहितेय मला – तिसऱ्यांदा येताय तुम्ही, एवढंही लक्षात ठेवायचं नाही का?

बघून घ्या नीट. पत्र्याचा कर्णा, तोंड आभाळाकडे. खाली भांडं. त्यात कार्बाइडचे खडे, वर पाणी, गॅस धरला की काडी – आणि धडाम! ढगाच्या पोटात धक्का बसतो, गार धरत नाही, असं आमचे हे म्हणायचे. खरं का? देव जाणे. गारा पडल्या नाहीत की हे मिशीवर हात फिरवायचे, आणि पडल्या की म्हणायचे, तू काडी द्यायला उशीर केलास! म्हणजे यश त्यांचं, उशीर माझा. हसताय? हसा हसा, या घरात कुणी हसून बरेच दिवस झाले.

पण एक पद्धत होती बघा. आम्ही वाजवली की थांबायचं. टेकडीकडे कान लावून. मग पलीकडच्या मळ्यातल्या वहिनी त्यांची वाजवायच्या, मग त्यांच्या पुढचे, मग आणखी पुढचे – ढग असा हातोहात गावाबाहेर काढायचा. उत्तर आलं नाही की हे सायकल काढून बघायला जायचे, घरात बरं आहे ना सगळं. एकदा वहिनी तापानं फणफणल्या होत्या, ते असंच तर कळलं. आता वहिनी लेकीकडे गेल्या, त्यांच्या मळ्यावर तुम्ही राहता ती नवी घरं झाली. हे गेले. शब्द तेवढा राहिलाय माझ्याकडे – पण बोलायचा कुणाशी? थोरल्याला फोनवर म्हटलं, गारहाकणीला गंज चढतोय, तर म्हणाला, गारहाकणी म्हणजे काय? हिच्या आवाजात वाढलेला पोरगा हा!

काय म्हणालात? ढग? होता की काल. त्या पाण्याच्या टाकीवर, एवढासा. पांढरा होता, मान्य – पण पांढऱ्याचा काळा व्हायला कितीसा वेळ लागतो? लेकरं दचकून उठतात, हो, ते वाईटच. पण मी म्हणते, द्राक्षं सांभाळायची तर –

कुठं बघताय? तिकडे काही नाहीये. ते... हो. खुंट आहेत नुसते. वेली थोरल्यानं काढून टाकल्या, हे गेले त्याच वर्षी. झेपणार नाही म्हणाला तुला. बरोबरच होतं त्याचं.

मग कशासाठी वाजवते, असंच ना? अहो, वाजवली की तुम्ही येता. दुसऱ्या दिवशी, नाही तर तिसऱ्या, पण येता. फाटकाशी गाडी थांबते, तुम्ही कपाळाला आठ्या घालून उतरता, आणि मी आधण ठेवते. झालं, सांगून टाकलं. फार एकटं वाटतं हो साहेब, दुसरं काही नाही.

आज भांडं घेऊनच जायचंय? वरून हुकूम... हं. न्या. थांबा, तो नट उलटा फिरतो, तुम्हाला नाही जमायचं – हे घ्या. जड आहे, खालून धरा. ओल असेल आत, पँट जपा.

एक कराल? घरी पोचलात ना, त्या नव्या घरांपाशी, की गाडीचा हॉर्न द्या एकदा. एकदाच. मी इथं ओट्यावर असेन, टेकडीकडून येतं ऐकू. पोचलात एवढं कळेल, बस.

काय? हां... हां, खरंच की. आवाजाचीच तर तक्रार आहे.

निघा मग तुम्ही. कप राहू द्या तिथंच.