घरगाडीचे चार काटे

समोर बसा, दाराच्या उजेडात. तोंडावर हात धरू नका अन् जल्दी जल्दी बोलू नका, ओठ दिसले की मला बराबर कळतं. तुमची मिशी जरा बारीक असती तर लई बरं झालं असतं, पण असू द्या. काय सांगू तुमाला, माझ्यासारख्या ड्रायव्हर माणसाचं काय लिहून घेता तुमी, पण एवढे आलेतच तर घ्या लिहून.

आमचं गाव तीर्थपुरीपासून कोसभर. घरी शेती, थोरले दोघं भाऊ औतामागं, अन् मी शेषराव सगळ्यात धाकटा, मला बैलांची गोडी न्हाई. मला गोडी आवाजाची. जालन्याहून मोटार निघून अजून ओढ्याच्या पलीकडं असली तरी मी सांगायचो, आज भरून येऊन राह्यली, आज रिकामी हाय. बाप म्हणायचा, ह्याचे कान तेवढे कामाचे, बाकी सगळा भुस्सा. मंग एक दिवस भाकरी बांधून घेतली अन् जालन्यात रहमान उस्तादच्या अड्ड्यावर जाऊन बसलो. उस्ताद मोटारी दुरुस्त करायचे अन् चालवायला बी शिकवायचे, अन् त्यांची रीत अशी का, स्टेअरिंगला हात लावू द्यायच्या आधी डोळ्याला फडकं बांधायचे. इंजन चालू करायचे, चुपचाप एका सिलिंडरची वायर काढून टाकायचे, अन् हातात एक लाकडी दांडी द्यायचे, तिचं एक टोक इंजनला लावायचं अन् दुसरं कानाला, अन् सांगायचं कोणतं सिलिंडर मुकं झालं. चुकला का पुन्हा आठ-पंधरा दिवस घासलेटात नटबोल्ट धूत बस. उस्ताद म्हणायचे, गाडी कानानं चालवायची बेटा, डोळे तर म्हशीला बी असतात. मी पहिल्याच बारीला बराबर सांगितलं. उस्तादनं पाठीत असा धपका मारला का फडकं गळून पडलं माझं.

लगीन झाल्तं माझं, ते बी सांगतो, उगं झाकून काय करायचं. बायको पहिल्या बाळंतपणात गेली. गावात सुईणीच्या हाताबाहेर गेलं म्हणून बैलगाडीत घालून जालन्याला निघाले, मी तिकडं लॉरी घेऊन परभणीला, अन् ती अंबडच्या रस्त्याला लागायच्या आधीच संपली. मोटारीवाल्याची बायको बैलगाडीत गेली. हे मी कुणाला बोलून दाखवत न्हाई, पण मनातून जात न्हाई बगा.

निजामाचं राज गेलं, त्याच्यानंतर एक-दोन सालांनी डॉक्टरीणबाई आल्या जालन्यात. वऱ्हाडाकडच्या, विधवा, उंच, आवाज खणखणीत. त्यांनी मिलिटरीची मोडीत काढलेली अँबुलन्स घेतली व्हती अन् सुताराकडून आतून घर करून घेतलं व्हतं, खरंच घर, भिंतीला लागून निजायची फळी, औषधाचं कपाट, स्टो ठेवायला कोनाडा, टपावर पाण्याची टाकी, खिडकीला पडदे. महिन्यातले वीस-वीस दिवस बाई त्याच्यातच राहायच्या, आज ह्या गावच्या बाजाराला, उद्या त्या गावच्या, अन् बायाबापड्यांची बाळंतपणं करायच्या. लोक म्हणायचे घरगाडी. बाई उस्तादकडं आल्या अन् म्हणल्या, भरोशाचा ड्रायव्हर द्या. उस्तादनं माझ्याकडं बोट केलं. मी बायकोचा विचार केला अन् लगेच हाव म्हणलो.

ते दिवस लई चांगले गेले. बाई आत बसायच्या, माझ्या पाठीमागं बोटभर फटीची खिडकी व्हती, तिच्यातून रस्ताभर बोलणं चालायचं. बाई मला वऱ्हाडातलं सांगायच्या, मी त्यांना इंजन काय बोलतं ते सांगायचो. मी गाडीखाली घोंगडी टाकून निजायचो. दुसरं घर नव्हतं मला, अन् नको बी व्हतं.

मंग गोदाकाठच्या गावात मला हिवताप चढला. असा चढला का मी वाचत न्हाई म्हणले सगळे. बाईनी स्वतःच्या फळीवर मला निजवलं अन् कोयनेल दिलं, पुन्हा दिलं, भरपूर दिलं. जीव वाचला. पण कानात जे घोंगावायला लागलं ते थांबलं न्हाई, अन् घोंगावणं कमी झालं तसं बाकीचं बी सगळं कमी झालं, कोंबडा गेला, जातं गेलं, माणसं गेली, अन् दिवाळीपर्यंत इंजन बी गेलं. कोयनेलानं होतं तसं कधी कधी. मी बाईला कधी बोल लावला न्हाई, कशापायी लावू, जीव त्यांनीच वाचवला. पण त्या खिडकीतून बाईचं बोलणं बंद झालं. त्यांनी इचारलं, चालवता येईल का शेषराव. मी म्हणलो, हाताला कळतं, पायाला कळतं, येईल.

अन् येत व्हतं. पण किती दिवस? तीर्थपुरीच्या बाजारातून निघालो अन् इंजनात तेल कमी झालं, बेरिंग ठकठक करायला लागलं असणार, रस्त्यावरच्या गुराख्याला ऐकू गेलं असेल ते, मला न्हाई. बाईला आवाज आला, पण वाटलं खडीच्या रस्त्याचा हाय. धूर आला तेव्हा कळलं. बैलं लावून गाडी जालन्याला आणली. काय सांगू, मी स्टेअरिंगवर अन् पुढं बैलं, गावोगावची पोरं हसून राह्यली, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उस्तादनं इंजन उघडलं, जळकं बेरिंग तळहातावर घेतलं अन् माझ्या तोंडाकडं बघत बसले. म्हणले, असा आवाज माझ्या शागिर्दाला ऐकू येऊ नये? त्यांनी शेजारच्या लॉरीचं इंजन चालू केलं, एक वायर काढली, तीच जुनी दांडी आणली. कानाला लावली, काही न्हाई. मंग म्हणले दातात धर. दातात धरली तर नुसती हिरडी झिणझिणली, त्याच्यात पहिलं काय अन् चौथं काय. उस्ताद तिथंच टायरवर बसले अन् फडक्यानं डोळे पुसले, माझे न्हाई, स्वतःचे.

बाई म्हणल्या, ऐकू येत न्हाई तर दिसेल असं काही करा, तेल-पाणी दाखवणारे काटे बसवा. अन् उस्ताद भडकले! काटे बघून गाडी चालवणारा ड्रायव्हर न्हाई म्हणले, घड्याळजी म्हणा त्याला. आमच्या अड्ड्यावर हे चालणार न्हाई. गाडीत मिलिटरीचे काटे व्हते ते मोडीत काढताना कुणीतरी उपसून नेल्ते, नुसती भोकं व्हती, अन् आमाला आजवर त्याचं काही वाटलं नव्हतं. बाईनी वाद घातला न्हाई. त्या म्हणल्या, उस्ताद, तुमी न्हाई बसवले तर मला दुसरा ड्रायव्हर बघावा लागेल. एवढंच. दुसऱ्या दिवशी उस्ताद भंगारवाल्यांकडं हिंडून काटे घेऊन आले, एक ट्रॅक्टरचा, एक लॉरीचा, एक कशाचा ते त्यांनाच म्हाईत. एकाचं तोंड मोठं, एकाचं लहान.

जुन्या पत्र्याच्या पेटीचं झाकण कापून पट्टी केली अन् स्टेअरिंगखाली ठोकली. तेलाच्या काट्याला इंजनपासून काडीएवढी तांब्याची नळी आणायची असती, तिला मधी जिलबीसारखे वेढे द्यायचे, न्हाई तर गाडीच्या हादऱ्यानं तुटती. पहिल्यांदा जोड ढिला राह्यला अन् सगळं गरम तेल माझ्या धोतरावर. पाण्याचा काटा खरा का खोटा बघायला उस्तादनं त्याची घुंडी समोरच्या हॉटेलातल्या उकळत्या चहात बुडवली, हॉटेलवाला वरडतोय, हे मला त्याच्या तोंडावरून कळलं, अन् काटा बराबर चढला, तिथं उस्तादनं काचेवर खूण केली. रंग बैलाच्या शिंगांचा, हिंगूळ. तेलाला खाली लाल, पाण्याला वर लाल. बत्तीच्या करंटाचा तिसरा काटा, तो मधी उभा पायजे. उस्ताद माझ्याजवळ तोंड आणून म्हणले, आता डोळे तुझे कान. अन् रागानं हातातला पाना आपटला, माझ्यावर न्हाई, असाच.

काटे झाले तसं इंजनचं भागलं. पण एकदा आत एक अडलेली बाई घेऊन अंबडला चाललो व्हतो अन् तिची वेळ रस्त्यातच आली, आतून डॉक्टरीणबाई फळी ठोकून राह्यल्या का थांबा थांबा, अन् मी आपला तेल-पाणी बघत चाललोय मजेत. शेवटी त्यांनी खिडकीच्या फटीतून काठी घालून मला टोचलं. पोरगी झाली, दोघी जगल्या. उस्तादनं मंग चौथा काटा लावला, पेट्रोलचा व्हता तो, टाकीला जोडलाच न्हाई, त्याची तार टपाखालून मागं नेली अन् बाईच्या फळीजवळ घंटीचं बटन ठोकलं. बाईनी दाबलं का माझ्यासमोर काटा उडायचा. एकदा म्हंजे थांबा. दोनदा म्हंजे जल्दी.

अन् काय सांगू, पुढं पुढं बाई उगीच बी दाबायच्या. रस्ता सरळ, पेशंट न्हाई, काम न्हाई, अन् काटा हळूच एकदा हालायचा, अर्धाच. थांबा न्हाई, काही न्हाई. जाग्या हाय, एवढंच. मी हात वर करायचो. पूर्वी कोसन् कोस बोलणारी माणसं आमी, आता एवढंच बोलणं राह्यलं व्हतं. पण तेवढ्यावर बी किती वर्षं निघाली. दुसरीकडून मला कुणी हाक मारत नव्हतं.

मंग रस्त्यावर एस.टी. लई झाल्या. अंबडच्या अलीकडं पुलावर एक बस मागून भोंगा वाजवत आली, किती वाजवला देव जाणे, मी मधूनच, अन् ती बाजूनं घुसली तसा मी गाडी कठड्याला घासत थांबवली. आत बाई अन् एक बाळंतीण. कुणाला लागलं न्हाई. मी उस्तादकडं गेलो, म्हणलो, रस्त्याचा काटा लावा. उस्तादनं आरसा लावून दिला, पण मान हालवली. रस्त्याला काटा न्हाई बेटा.

त्याच्यानंतर सरकारनं गाडी, दवाखाना अन् बाई सगळंच आपल्याकडं घेतलं. औरंगाबादेहून साहेब आले. म्हणले, ड्रायव्हरची तपासणी झाल्याबिगर सरकारात घेता येत न्हाई, अन् डॉक्टर तर इथंच हाय, बाई, तुमीच तपासा. डोळे तपासले, चांगले. छाती, चांगली. मंग कान. त्याची रीत अशी का डॉक्टरनं पाठीमागं उभं राहून एक शब्द बोलायचा, झाड म्हणा, पाणी म्हणा, अन् तपासणाऱ्यानं तोच पुन्हा म्हणायचा. मी खुर्चीत बसलो. मनात म्हणलो, बाई समोर उभ्या राहतील. समोर राह्यल्या असत्या तर अक्षर न् अक्षर सांगितलं असतं मी, साहेबाला काय कळणार व्हतं. बाई माझ्याकडं बघत जरा वेळ उभ्या राह्यल्या. मंग माझ्या मागं गेल्या.

मी साहेबाच्या तोंडाकडं बघत बसलो. साहेब खाली मान घालून लिहीत व्हते. मंग त्यांनी मान वर केली, माझ्या डोक्यावरून मागं बघितलं, लिहायचं थांबवलं, अन् टोपी काढून मांडीवर ठेवली. एका शब्दाचं काम ते, पण साहेब तसेच बघत राह्यले, त्यांचे डोळे भरून आले तरी बघत राह्यले. तेव्हा मला कळलं का बाई शब्द बोलून न्हाई राह्यल्या, लई बोलून राह्यल्या.

मला वाटलं आता काहीतरी म्हणायला पायजे. मी म्हणलो, पाणी.

बाई समोर आल्या. चेहरा धुतल्यासारखा. म्हणल्या, न्हाई हो शेषराव, न्हाई. अन् लिहून दिलं का कान न्हाईत. मंग माझ्यासमोर बसून, हळूहळू, एक एक शब्द मला दिसेल असा म्हणल्या, आत अडलेल्या बाया असतात, माझ्यानं खोटं लिहवलं न्हाई. मी म्हणलो, बराबर केलं. खरंच बराबर केलं, माझीच बायको असती आत तर मी बी तेच केलं असतं. पण घरी आलो, म्हंजे घर कुठं व्हतं, अड्ड्यावर आलो अन् टायरावर बसून लई रडलो.

आता बाईची बदली तिकडं बीडच्या अंगाला झाली. नवा ड्रायव्हर हाय, त्याला कान हायेत. मी इथं उस्तादच्या अड्ड्यावर काटे बसवतो, उस्ताद परसाली वारले, पण लॉरीवाले येतात, म्हणतात बहिऱ्याकडून काटे लावून घ्या, तो बराबर लावतो. दिवसभर माणसं असतात, पण बोलतं कोण? ओठ हालवायला सवड पायजे माणसाला. संध्याकाळी शटर ओढलं का सारी शांतता, ती दिवसा बी असतीच म्हणा, पण संध्याकाळी जास्ती लागती.

तुमी इचारून राह्यले ते कळलं मला, बाई काय बोलल्या. ठाऊक न्हाई. साहेबाला इचारता आलं असतं, ते दोनदा आल्ते जालन्यात. बाईला बी इचारता आलं असतं, त्यांनी सांगितलं बी असतं. पण समोर सांगायचं असतं तर समोर बोलल्या असत्या. माझ्या पाठीला जे सांगितलं ते माझ्या पाठीपाशीच असू दे. कधी वाटतं कोयनेलाचं बोलल्या असतील, कधी वाटतं दुसरंच काही. जे बोलल्या असतील त्याला माझं हाव हाय, एवढं लिहा. अन् जिथं असतील तिथं देव त्यांना सुखी ठेवो, त्यांची गाडी रस्त्यात कधी बंद न पडो.